सदर मांजर आमची नाही

खोटं लिहिलंत, म्हणाले. मला. एकतीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर काढली मी, आलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का, नंबर, तारीख, गेलेल्या प्रत्येक कागदाची पोच, आणि त्या एकतीस वर्षांत खाडाखोड किती, तर शून्य… आणि हे सर्जन, वय माझ्या चष्म्याच्या डबीएवढं, माझाच फॉर्म माझ्या नाकासमोर धरून विचारतात, काका, इथं तुम्ही खोटं का लिहिलंत? आता तुम्हीच सांगा, प्रश्न काय होता? घरात पाळीव प्राणी आहे काय? मी लिहिलं, नाही. स्वच्छ अक्षरात लिहिलं, खाली सही केली. यात खोटं काय आहे? मांजर होती, हे मी नाकारत नाही. घरात होती, हेही नाकारत नाही. पण मांजर आमची नव्हती.

आली कशी ते सांगतो, म्हणजे तुमचाही गैरसमज नको. तीन वर्षांपूर्वी, मी निवृत्त होऊन जेमतेम चार महिने झाले होते, आमची ही स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून कुणाशी तरी बोलत होती. बोलण्यात माया होती, तेव्हा माझ्याशी नाही हे उघडच होतं. मला वाटलं शेजारीण असेल. जाऊन बघतो तर खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर मांजर. करडी, एक कान दुमडलेला, आणि चेहरा कसा, तर आमच्याकडे तपासणीला ते वरचे साहेब यायचे ना, दोन बोटांनी फाइल उचलणारे… तसा. बशीतलं दूध पीत होती, आणि बशी माझी होती. म्हणजे माझ्या रोजच्या चहाची.

मी तेव्हाच्या तेव्हा निर्णय दिला. आणि साक्षीदारासमोर दिला, हेच तर चुकलं, कारण नेमका त्या दिवशी हिचा भाऊ आलेला होता. माझा मेहुणा बर्फाच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. दिवसभर लाद्या मोजतो आणि सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे येऊन माझ्या चुका मोजतो. त्याच्यासमोर मी म्हणालो, या घरात एक तर ही मांजर राहील, नाही तर मी. आता असं वाक्य माणूस आयुष्यात एकदा बोलून जातो. ते बोलताना छान वाटतं, मागं घेताना त्रास होतो. हिनं बशी विसळता विसळता शांतपणे विचारलं, "मग तुम्ही कुठं जाणार?" मेहुण्याच्या नाकातून चहा आला. पुढची तीन वर्षं तो दारात पाऊल टाकताना हेच विचारायचा, काय भाऊजी, अजून इथंच?

तर माझा निर्णय कायम होता, फक्त अंमलबजावणीत अडचणी आल्या. थंडी पडली म्हणून ती कट्ट्यावरून खिडकीच्या चौकटीवर आली. आता चौकट घराच्या आत की बाहेर? मी दोन दिवस विचार केला आणि ठरवलं, जाळीपर्यंत बाहेर. मग जाळी उघडी राहायला लागली. मग ती पायपुसण्यावर आली, पायपुसणं दाराचं, म्हणून ते बाहेरच धरलं. मग मोडक्या खुर्चीवर, कारण ती खुर्ची मोडीतच द्यायची होती, म्हणजे कागदोपत्री ती घरात नव्हतीच. प्रत्येक वेळी मी 'तात्पुरती व्यवस्था' म्हणून मान्यता दिली आणि प्रत्येक वेळी मुदतवाढ झाली. त्यात काय, आमच्या कार्यालयात एक तात्पुरता पंखा एकोणीस वर्षं फिरत होता. त्याला कुणी कायम केलं का? नाही. मांजरीचंही तसंच. मी तिला नाव देऊ दिलं नाही. ही तिला नुसतं 'बाई' म्हणायची. माझ्यावर उल्लेख करायची वेळ आली तर मी 'सदर मांजर' म्हणायचो. सदर मांजरीनं दूध सांडलं आहे. सदर मांजर माझ्या वर्तमानपत्रावर बसली आहे, कृपया उठवावी.

आता पुढचं जे सांगतो ते तुमच्या-माझ्यात. ही रोज दुपारी दोन ते साडेचार शिवणवर्ग घ्यायला जाते. घरात मी एकटा. म्हणजे मी आणि सदर मांजर, पण तिला धरायचं नाही असं ठरलेलं, म्हणून एकटा. निवृत्त माणसाची दुपार तुम्ही बघितली आहे का? घड्याळ असतं, पण त्याला काही काम नसतं. एकदा मी वर्तमानपत्र वाचता वाचता डुलकी घेतली आणि जाग आली तेव्हा ती माझ्या छातीवर होती. गरम. आणि आतून घरघर चालू, विजेवरच्या जुन्या टंकलेखन यंत्राच्या मोटारीसारखी. मी उठवणार होतो. पण झोपलेल्याला उठवायचं म्हणजे कारण द्यावं लागतं, आणि तेवढ्या घाईत कारण सुचेना. दुसऱ्या दिवशीही सुचेना. असं करता करता तीन वर्षं गेली.

शिवाय ती फीत. निवृत्त होताना लोकांनी मला घड्याळ दिलं, ते बंद पडलं. मी स्वतः एक रीळ आणलं होतं, फाइल बांधायच्या फितीचं, ते मात्र अजून आहे. त्या फितीचं टोक जमिनीवरून ओढत नेलं की सदर मांजर काय करायची, हे मी इथं सांगत नाही, कारण मग मी काय करायचो तेही सांगावं लागेल. एकसष्ट वर्षांचा माणूस पलंगाखाली अर्धा शिरलेला, इतकंच लक्षात ठेवा. चार वाजून वीस मिनिटांनी खेळ बंद. फीत खणात, मांजर मोडक्या खुर्चीवर, मी वर्तमानपत्रामागे. ही आली की मी विचारायचो, ती गेली नाही का अजून?

तर एका दुपारी तिनं फितीऐवजी माझं मनगट धरलं. डावं. मुद्दाम नाही, मी हे तेव्हाही मान्य केलं होतं, चूक माझी, मी फीत फारच जवळून नेली. तीन ओरखडे, लांब, लाल. धुतले का? नाही धुतले. पुसले, बाही खाली ओढली. बाहीला जेवणाच्या वेळी मर्यादा असतात. हिनं बघितलं, काय लागलं? आता त्या क्षणी खरं बोलायला काय हरकत होती, असं तुम्ही म्हणाल. तुम्ही मेहुण्याला भेटलेले नाही. मी म्हटलं, खिडकीचा खिळा लागला.

तुम्हाला सांगतो, खोट्याचा त्रास बोलताना होत नाही, त्याची फाइल सांभाळताना होतो. गंजका खिळा म्हणून हिनं मला ओढत डॉक्टरांकडे नेलं, तिथं धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. येताना ही सुताराला निरोप देऊन आली, उद्या येऊन तो खिळा काढून टाका. आता विचार करा. सुतार येणार, खिडकी बघणार आणि खिळा नाही. म्हणजे जबाब आहे आणि पुरावा नाही. मूळ कागद जोडल्याशिवाय एक फाइल मी कधी पुढं सरकू दिली नाही, आणि माझ्याच घरात हे? दुसऱ्या दिवशी सुतार यायच्या आधी ही भाजी आणायला गेली, तेव्हा मी हातोडी काढली आणि खिडकीच्या चौकटीत, बरोबर मनगटाच्या उंचीवर, एक खिळा मारला. अर्धा बाहेर ठेवून. सदर मांजर खुर्चीवरून सगळं बघत होती. तासाभरात सुतारानं तो उपटला, खिळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. खिळा तर कोरा दिसतो, म्हणाला. मी म्हटलं, चांगल्या प्रतीचा असेल.

प्रकरण मिटलं असं वाटलं. पंधरा दिवसांनी ताप. फार नाही, संध्याकाळी येणार, सकाळी जाणार, कार्यालयीन वेळ सोडून. अंग मोडून आल्यासारखं. आणि डाव्या काखेत गाठ. आधी वाटाण्याएवढी, मग लिंबाएवढी, हात खाली सोडला की टोचणारी. आमचे डॉक्टर तसे बोलके, रक्तदाब बघता बघता जगातल्या सगळ्या सरकारांना शिव्या घालणारे. त्यांनी गाठ चाचपली आणि बोलायचे थांबले. मी वाट बघितली. निदान एका सरकारला तरी काही बोलतील. नाही. रक्त तपासलं, थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला, त्यात काही सापडलं नाही. सापडलं नाही म्हटल्यावर माणसाला बरं वाटायला हवं की नाही? डॉक्टरांचा चेहरा आणखी लांब झाला. म्हणाले, सर्जनना दाखवून घेऊ. गाठीचा तुकडा काढून तपासलेला बरा. कशासाठी, मी विचारलं. ते म्हणाले, शंका नको. कसली शंका, ते काही बोलले नाहीत, आणि मीही विचारलं नाही. काही पत्रं न फोडता बाजूला ठेवावीशी वाटतात.

मग ते मोठं रुग्णालय, आणि तिथला तो फॉर्म. दोन पानं, अडतीस प्रश्न. फॉर्म दिसला की माझी तब्येत जरा सुधारतेच. ही म्हणाली मी सांगते, तुम्ही लिहा. मी म्हटलं, तू बस तिकडे बाकावर, हे माझं काम आहे. प्रश्न सत्तावीस, पाळीव प्राणी. माझं पेन थांबलं. थांबलं हे मी कबूल करतो. पण सर्जन ते वाचणार, वाचून बाहेर हिला विचारणार, ही मेहुण्याला सांगणार… आणि मुळात निर्णय काय होता? तीन वर्षांत कुणी तो बदलला होता का? लिहिलं, नाही. प्रश्न अठ्ठावीस, अलीकडे एखाद्या प्राण्यानं चावा घेतला किंवा ओरखडले काय? आता जिथं प्राणीच नाही तिथं ओरखडणार कोण? लागू नाही. मांजर आमची नव्हती, हो की नाही? शुक्रवारची तारीख मिळाली. शुक्रवारी सकाळी भूल देऊन तुकडा काढणार.

गाठीची मला भीती वाटली नाही. खोटं कशाला बोलू, वाटली. पण गाठीपेक्षा जास्त भीती हिची वाटली, कारण ही माझ्याशी चांगलं वागायला लागली. चौतीस वर्षांच्या संसारात या बाईनं मला टोमणा मारल्याशिवाय पाण्याचा पेला दिलेला नाही. ती आता नुसता पेला देते. पाठीमागे उशी आणून ठेवते. मी मुद्दाम चहा सांडून बघितला, तर म्हणाली, असू दे. असू दे! मी त्या क्षणी मनातल्या मनात गेलो. माझ्याकडे एक फाइल आहे, 'माझ्या पश्चात' असं वर लिहिलेली, आत अनुक्रमणिका वगैरे करून ठेवलेली, मी तिला म्हटलं ती एकदा बघून घे, सगळं क्रमानं लावलंय. तिनं फाइल घेतली, न उघडता कपाटात ठेवली, तिच्यावर चादरींची चळत ठेवली, आणि चळतीवर हात ठेवून जरा वेळ तशीच उभी राहिली. मी वर्तमानपत्र उलटं धरलं होतं ते मला नंतर कळलं.

आणि मग मंगळवारी ती म्हणाली, बाईला भाऊ घेऊन जाईल, गुरुवारी. कुठं? कारखान्यात. गोदामात उंदीर झालेत, त्यांना मांजर हवीच आहे. तुम्ही शुक्रवारनंतर घरी याल तेव्हा केस नकोत, धूळ नको. आणि तुम्हाला तर ती पहिल्या दिवसापासून नकोच होती.

बर्फाच्या कारखान्यात. तुम्हाला सांगतो, ही मांजर म्हणजे जमिनीवरचा उन्हाचा तुकडा सरकला की त्याच्यामागे सरकणारी. सकाळी दारापाशी, दुपारी खुर्चीशी, चारला कपाटाच्या पायाशी, घड्याळ लावून घ्यावं. ती तिथं त्या लाद्यांमध्ये काय करणार? मी हरकत घेतली. म्हणजे माझ्या पद्धतीनं घेतली. म्हटलं, एवढी घाई कशाला, प्रस्ताव पुढच्या महिन्यात घेऊ. ही म्हणाली, तीन वर्षं तुम्हीच मागं लागला होतात. म्हटलं, तिला तिथं मानवेल का, याचा अभ्यास झाला आहे का? ही म्हणाली, मांजर कुणाची आहे? मी म्हटलं, आमची नाही. मग झालं तर, म्हणाली.

माझ्यासमोर दोन वाक्यं होती. एक बोलायचं होतं, दुसरं तीन वर्षांपूर्वी बोलून बसलो होतो. आणि बसलेलं वाक्य उठता उठत नाही हो.

पण कारखान्याच्या मालकाला दाखला हवा होता, मांजर निरोगी असल्याचा. मला त्या माणसाबद्दल लगेच आदर वाटला. बुधवारी आम्ही दोघं रिक्षानं जनावरांच्या दवाखान्यात, मांडीवर झाकणाची टोपली, टोपलीत सदर मांजर, वाटभर ओरडत. समोरच्या बाकावर एक दांडगा कुत्रा, त्याचा मालक त्याच्या कानातून गोचिड्या वेचून डबीत टाकत होता, एकेक करून, निवडक टिपणं काढावीत तसा. आत एक डॉक्टरीणबाई, ठेंगण्या, बाह्या वर सारलेल्या, कार्ड पुढं ओढून विचारलं, मालकाचं नाव? हिनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ती जागा रिकामी ठेवा, सदर मांजर आमची नाही, हे फक्त हस्तांतरण आहे. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि टोपलीचं झाकण उघडलं.

सदर मांजर टोपलीतून निघाली ती टेबलावर थांबलीच नाही. समोर ही उभी होती, हातात दुधाची बाटली घेऊन. तिला ओलांडून ती माझ्या अंगावर चढली, सदरा धरून, डाव्या खांद्यापर्यंत, आणि डोकं माझ्या काखेत घुसवून गप्प बसली. बरोबर गाठीवर. माझ्या तोंडून हाय निघालं. "आमची नाही म्हणता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण तिला कुणी कळवलेलं दिसत नाही."

मग विचारलं, दुखलं कुठं? मी म्हटलं काही नाही, एक किरकोळ गाठ आहे, परवा कापायची आहे. त्यांनी मांजर माझ्यावरून सोडवून घेतली, तशी माझी बाही वर सरकली. मनगटाकडे बघितलं. हे काय? खिळा, मी म्हणालो. "काका, तीन टोकांचा खिळा मी अजून बघितलेला नाही." त्यांनी बारीक दातांची फणी घेतली, मांजरीच्या पाठीवरून फिरवली, आणि फणीत आलेली काळी भुकटी ओल्या कापसावर झटकली. मिरपूड सांडल्यासारखी. बघता बघता कणाकणाभोवती तांबूस डाग पसरला. ही पिसवांची घाण, म्हणाल्या. मांजरीचं प्यायलेलं रक्तच असतं ते. पिसवा चावतात, त्यातून एक जंतू मांजरीच्या रक्तात जातो, मांजर ठणठणीत असते, तिला पत्ताही नसतो. तोच जंतू या घाणीत. मांजर खाजवते, घाण नखांत जाते, नखं तुमच्या हातात जातात, आणि दोन-तीन आठवड्यांनी त्याच बाजूच्या काखेत गाठ. कुत्र्यांनाही होतं, पिसवांमुळे, गोचिड्यांवरही संशय आहे. बार्टोनेला, म्हणाल्या. मी म्हटलं, जरा सावकाश, लिहून घेतो. त्या म्हणाल्या, ता नाही, टो.

खात्री रक्ताच्या तपासणीनं होईल, त्या म्हणाल्या, पण हे ओरखडे मांजरीचेच आहेत का, एवढं आधी सांगा.

बघा, प्रसंग कसा होता. एका बाजूला शुक्रवार. एका बाजूला बर्फाचा कारखाना. मधे तो कापूस, आणि त्या पलीकडे ही, हातात बाटली. मी घसा साफ केला. म्हटलं, दुपारी दोन ते साडेचार.

काय दोन ते साडेचार, डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मग मी निवेदन केलं. सगळं, क्रमानं. डुलकी, छाती, फीत, पलंगाखालचं, खिळा आधी नव्हता हे, नंतर होता हेही. तीन वर्षांचं निवेदन चार मिनिटांत संपलं. हिच्याकडे मी बघितलं नाही. कापसाकडे बघत होतो.

ही म्हणाली, "तुमच्या बनियनवरचे केस तीन वर्षं मी झटकते आहे. गाठ कशाची, ते मला माहीत नव्हतं हो. मांजर कुणाची, ते माहीत होतं."

मग कारखान्यात कशाला पाठवत होतीस, मी विचारलं. ती म्हणाली, "म्हटलं, आता तरी तोंड उघडाल. बाकीचं तुम्ही काहीच बोलत नव्हता." आणि बाटली टेबलावर ठेवून ती जी रडली… गेल्या महिन्याभराचं सगळं एकदम. डॉक्टरीणबाईंनी तिला कापूस दिला, कोरा. मी मांजर तिच्या हातात दिली. तिनं ती परत माझ्या हातात दिली. असं दोन-तीनदा झालं. मांजरीला काय वाटलं माहीत नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मांजर घालवायची काही गरज नाही, पिसवा घालवा. मानेवर महिन्यातून एकदा औषधाचे थेंब, खुर्चीवरच्या चादरी गरम पाण्यात, आणि ओरखडा आला तर लगेच साबणानं धुवायचा, खिळे मारत बसायचं नाही. मग त्यांनी ते कार्ड पुन्हा पुढं ओढलं. मालकाचं नाव? मी सांगितलं. पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट.

त्यांची चिठ्ठी घेऊन त्याच संध्याकाळी सर्जनकडे. तर हे म्हणे, जनावरांच्या डॉक्टरांची चिठ्ठी? मग मनगट बघितलं, मग काख बघितली, मग माझा फॉर्म काढला, आणि तिथं ते, काका, खोटं का लिहिलंत. अहो, या एका प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं असतंत तर पहिल्याच दिवशी ही तपासणी केली असती, म्हणाले. मी त्यांना पाळीव म्हणजे काय हे समजावून सांगणार होतो, पण हिनं माझ्या पायावर पाय दिला. दिला म्हणजे ठेवलाच. मला इतकं बरं वाटलं. चांगलं वागणं संपलं होतं.

रक्त पाठवलं, शुक्रवार पुढं ढकलला, आठवड्यानं अहवाल आला, तोच जंतू. पाच दिवस गोळ्या. गाठ बरीचशी आपण होऊनच जाईल, वेळ लागेल, म्हणाले, आणि नाहीच गेली तर पुन्हा या. दोन महिने लागले, पण गेली. अहवालाच्या दिवशी मात्र एक झालं. मी तो फॉर्म मागून घेतला. प्रश्न सत्तावीस, 'नाही' वर आडवी रेघ, शेजारी 'आहे', बाजूला छोटी सही, तारीख. आयुष्यातली पहिली खाडाखोड. सर्जन म्हणाले, आता त्याची काही गरज नव्हती. त्यांना काय कळणार.

राहिला मेहुणा. तो ठरल्याप्रमाणे गुरुवारी सकाळी आला होता, बर्फाच्या लाद्यांसाठी असतो तसला जाड पोत्याचा कपडा घेऊन, मांजर गुंडाळायला. मी दारातच उभा राहिलो. त्यानं सवयीनं विचारलं, काय भाऊजी, अजून इथंच? मी म्हटलं, मी इथंच, आणि मांजरही इथंच. ती नेता येणार नाही. का? मी म्हटलं, "मांजर आमची आहे." त्यानं पोतं खाली ठेवलं. पुन्हा म्हणा, म्हणाला. मी पुन्हा म्हटलं. त्यानं बहिणीला बाहेर बोलावलं, आणि तिच्यासमोर मला तिसऱ्यांदा म्हणायला लावलं. आता तो येतो तेव्हा माझी चौकशीच करत नाही. थेट विचारतो, मालक आहेत का घरात?

तर मिटलं सगळं. म्हणजे मिटायला हवं होतं. थेंब मी स्वतः घातले, मानेवर, सांगितल्याप्रमाणे केस बाजूला करून. सदर मांजरीला… सवय जात नाही, बाईला म्हणायचं होतं, बाईला ते आवडलं नाही. त्या दिवसापासून ती माझ्या अंगावर आलेली नाही. आता चोरी कसली, दोन वाजायची वाट बघायलाही नको, ही समोर बसलेली असताना मी उघड-उघड फीत हातात घेऊन जमिनीवर बसतो. टोक हलवतो. ही म्हणते, अहो, जरा जोरात हलवा, तिला दिसलं नसेल. दिसतं तिला सगळं. ती खिडकीच्या चौकटीवर बसते, बरोबर जाळीपाशी, आत की बाहेर ते नक्की सांगता येणार नाही अशा जागी, आणि माझ्याकडे त्या तपासणीच्या साहेबासारखी बघते.

दवाखान्याच्या कार्डावर मालक म्हणून माझं नाव आहे. रुग्णालयाच्या फॉर्मवर माझी सही आहे. मेहुण्यासमोर तीनदा तोंडी कबुली झालेली आहे. मांजर आमची आहे, असं तिला रीतसर कळवून झालं.

पोच अजून आलेली नाही.